गरिबी दाखवायच्या दिवशी आलेला सोफा

तीर्थस्वरूप कोन्सोर्सियाताईस,

इतक्या लांबून तुझा हात कपाळाला लावून आशीर्वाद घेतो आहे असं समज. गुडघा कसा आहे? बाकोलोदचा डॉक्टर तुला चालायला सांगतो आणि तू म्हणे दिवसभर बसून असतेस. (मीही बसूनच असतो, पण खाली रिक्षा चालत असते. ते चालण्यात धरतात का, डॉक्टरला विचार.) इकडे सगळं ठीक आहे असंच लिहिणार होतो, पण तसं नाही. काय बिघडलंय तेच मला नीट कळलेलं नाही. लिहिता लिहिता कळलं तर बरं.

तुझी भाची जोवेलिन पदवीधर झाली तेव्हा मला वाटलं, सुटलो. आता ती इलोइलोला सॉफ्टवेअर इंजिनिअरिंगची वरची पदवी करते आहे. मी विचारलं, पहिलीत काय शिकलीस? म्हणाली, प्रोग्राम लिहायला. आणि हिच्यात? तर म्हणे, तो बिघडू नये असा लिहायला. मग पहिल्या वेळी काय बिघडणारे शिकवत होते? तर गरीब घरच्या हुशार पोरांना ही पदवी पुरी करायला मदत देणारी एक संस्था आहे. तिनं जोवेलिनला निवडलं, पण घर डोळ्यांनी बघून मगच मदत. मिळाली तर शिक्षण, नाहीतर पोरगी सगळं सोडून मनिलाच्या कॉल सेंटरात परक्यांच्या शिव्या खायला जाणार. आता तूच सांग ताई, गरिबी दाखवायची कशी? आईनं जन्मभर ती झाकायची कशी एवढंच शिकवलं. (आठवतं ना, कुणी आलं की तांदळाच्या रिकाम्या डब्यावर नारळ ठेवायची, डबा भरलेला वाटावा म्हणून?)

जोवेलिननं बजावलं होतं, "बाबा, घर आहे तसंच ठेवा. झाडूसुद्धा बेतानं मारा." मी कुणाला एक अक्षर बोललो नाही. फक्त शेजारच्या पासिंगकडे बर्फ आणायला गेलो तेव्हा म्हणालो, शहरातून एक बाई यायच्या आहेत. कशाला, ते सांगितलंच नाही, पोरीची अडचण चारचौघांत कशाला? आणि तिथंच माती खाल्ली. कारण पाहुणा एकाच्या घरी येतो आणि लाज सगळ्या वस्तीची असते, हे मी विसरलो. पासिंगनं आपला फ्रिज पाठवला. दोदोंगनं गाण्याचं यंत्र आणलं, तो लग्ना-वाढदिवसाला भाड्यानं देतो ते. आपल्या बारांगायचा, म्हणजे वस्तीचा कारभार बघणाऱ्या कप्तानानं कचेरीतला सोफा धाडला, अजून प्लॅस्टिकसुद्धा न काढलेला. मी नको नको म्हणत होतो, पण आपल्याकडे पहिल्या 'नको'ला कोण विचारतं? तो रीतीचा 'नको' असतो.

बाई आल्या. आल्तारेहोस म्हणून, ठेंगण्या, गोड. सोफ्यावर बसल्या तर पाय जमिनीला पोचेनात. त्यांनी फ्रिजकडे बघितलं, यंत्राकडे बघितलं, मग माझ्याकडे. म्हणाल्या, "बरं चाललंय तुमचं." मी म्हणालो, "देवाच्या दयेनं कशाची कमी नाही." (विचारलं की असंच म्हणतात ना? निघून गेलं तोंडातून.) तेवढ्यात जोवेलिन कॉलेजातून आली आणि दारातच पांढरीफटक पडली.

पुढचं ऐक. पासिंगकडे बर्फाला गिऱ्हाईक आलं, ती आत आली, बाईंना "जरा हं" म्हणाली आणि नवऱ्याला हाताशी घेऊन फ्रिज उचलून घेऊन गेली. मागोमाग दोदोंगच्या यंत्राला बोलावणं आलं. मग कप्तानाची माणसं, म्हणे सभा आहे, सोफा हवा. बाई बिचाऱ्या उठल्या. एकानं मला विचारलंसुद्धा, "अजून आहेत का या? आम्हाला वाटलं संपलं." उरलं आपलं जुनं बाकडं. त्याच्या एका टोकाला कुणी बसलं की ते उलटतं, म्हणून बाई बसल्या तसा मी धावत दुसऱ्या टोकाला बसलो. मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण उठायची सोय नाही, उठलो तर बाई पडतात.

जोवेलिननं सगळं खरं सांगितलं. बाई हसल्या की खोकल्या, मला कळलं नाही. म्हणाल्या, "आधीचं घर खरं धरू की नंतरचं? येत्या शनिवारी साहेबांना घेऊन येते. तेव्हा घर घरासारखं ठेवा." घरासारखं म्हणजे कसं, हे विचारायचं राहिलं.

बाई गेल्यावर पोरगी म्हणाली, "बाबा, आपण गरीब आहोत याची मला लाज वाटत नाही. तुम्हाला वाटते, आणि शिक्षण माझं सुटतं." मला फार लागलं, ताई. खरं बोलली ना ती.

तुझा धाकटा,
लुतेर

ता. क. पाहुणीच्या बुडाखालून सोफा ओढला म्हणून आता सगळी वस्ती खजील झाली आहे. शनिवारी भरपाई करणार म्हणतात. फ्रिज हलणार नाही, आणि कप्तान आख्खं डुक्कर भाजणार आहे. शेवटी मी मन घट्ट करून सांगितलं की बाबांनो, आम्ही गरीब आहोत हेच दाखवायचं आहे. तर पासिंग रडायलाच लागली. म्हणाली, "असं तोंडातून काढू नकोस लुतेर, आम्ही आहोत ना!" आणि पंखाही द्यायचं ठरलं. ही माणसं एका तुझ्या तोंडालाच भितात. म्हणून हात जोडतो, शुक्रवारच्या बोटीनं ये आणि दारात बस. कुणाला काही घेऊन आत सोडू नकोस.

ता. क. २. रिकाम्या हातानं ये. घरात परकी सुईसुद्धा येणार नाही, असं मी जोवेलिनला वचन दिलं आहे.

ता. क. ३. तुझी ती निळ्या काठाची ताटं तेवढी टोपलीच्या तळाशी घालून आण. साहेबांना प्लॅस्टिकच्या ताटात भात कसा वाढायचा? फक्त ते उठेपर्यंत परत मागू नकोस.