कामगार क्रमांक सात

तीर्थरूप बाबा,

टेपच्या बटणावर बोट ठेवून मी उभी होते आणि तुमचा आवाज वर्गभर घुमत होता. तुमच्या कारखान्यात आलेल्या रशियन इंजिनियरांकडून फिटर लोक भाषा कशी शिकले, त्यावरचं माझ्या पीएच.डी.चं प्रकरण आज दुपारी सर्वांपुढे वाचलं. टेपवर तुम्ही रशियनमध्ये चहा मागत होता, पण बोल्ट आवळायचा हुकूम सोडावा तसा. मागून आई म्हणाली, "अहो, हळू! शेजाऱ्यांना वाटेल आपण भांडतोय." ते फक्त मला कळलं, इथे मराठी दुसऱ्या कुणाला येत नाही.

तुमच्या त्या हुकमी चहावर सगळे हसले. मीही हसले.

मग एकाने विचारलं, "हे आजोबा कोण?"

मी म्हणाले, "कामगार क्रमांक सात." प्रबंधात मुलाखत दिलेल्या प्रत्येकाला नावाऐवजी क्रमांक आहे.

माझे वडील, एवढं तोंडातून निघालं नाही. रशियन आकडे तुम्हीच मला शिकवलेत, बोल्ट आवळायचे पाने पुसून ओळीने ठेवताना.

बाकी इथे बरं आहे. खोली उबदार आहे, जेवण वेळेवर होतं. आईचा गुडघा कसा आहे? तुम्ही गोळ्या घेता ना? हे पत्र आईला वाचून दाखवू नका.

पाया पडायलाही लाज वाटते आहे, तरी पडते.

तुमची धाकटी

ता. क. वरचं पत्र काल लिहिलं; टाकण्याआधी आज सकाळी मार्गदर्शक बाईंकडे गेले. "सात नंबर माझे वडील आहेत," म्हणाले. त्यांनी विचारलं, "मग काल का नाही सांगितलंस?" त्यांनी प्रबंधाचं पान पुढे सरकवलं. मी क्रमांक खोडून तुमचं पूर्ण नाव लिहिलं.