पेन्सिलीची अर्धवर्तुळं

भोपाळ,
९ जानेवारी १९९५

तीर्थरूप भालचंद्रकाकांस,
कमलिनीचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

दिवाळीत तुम्ही निवृत्त होऊन नागपूरला गेलात. वसाहतीतल्या क्वार्टर-वाटपाच्या तुमच्या टेबलावर आता कंप्यूटर आहे आणि त्याच्यासमोर मी. कारखान्याची परदेशी कंपनीशी भागीदारीची बोलणी चालू आहेत. त्यांची माणसं येण्याआधी ११४० घरांची यादी स्वच्छ हवी, असा वरचा हुकूम. तुमचं रजिस्टर मी त्यात पूर्ण भरलं. झेरॉक्स नीट निघावी म्हणून पानांवरच्या पेन्सिलीच्या खुणा पुसल्या गेल्या.

शुक्रवारी मशीनने घर खाली करण्याच्या तेवीस नोटिसा छापल्या. त्यात शेजारच्या सुमित्रामावशी आहेत. मुदत ३१ जानेवारी. ज्यांच्या नोकरीवर घर मिळालं होतं ते त्यांचे यजमान गेल्या उन्हाळ्यात वारले आणि मुलीची, रजनीची, बारावीची परीक्षा मार्चमध्ये. मावशी ऑफिसात आल्या तर साहेबांनी हात जोडून सांगितलं, की बहनजी, मशीन ने निकाला है, हम क्या करें. मावशी माझ्याकडे न बघता निघाल्या. तिळाच्या वड्यांचा डबा मात्र माझ्या टेबलावर ठेवून गेल्या.

प्रोग्राम मी तीनदा तपासला. त्यात चूक नाही.

संध्याकाळी भोंगा झाला की निलगिरीच्या रांगांत धुकं उतरतं आणि सगळी घरं सारखी दिसतात. मावशींचं कोणतं, हे क्षणभर मलाही सांगता येत नाही.

त्या खुणा कशाच्या होत्या, तेवढं कळवावं. काकूंना नमस्कार. लोभ आहे तसा राहू द्यावा.

आपली,
कमलिनी


नागपूर,
१६ जानेवारी

चि. कमलिनी हिस,
भालचंद्रकाकाचे अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. तुझी काकू म्हणते, पोरीने जावक क्रमांक तेवढा घालायचा ठेवला! ‘खुणा पुसल्या गेल्या’ वाचून मला हसू आलं. रबर काय आपल्या पायांनी चालतं होय गं?

अर्धवर्तुळ म्हणजे, या घरात परीक्षा आहे, निकाल लागेपर्यंत घर सोडण्याचं विचारू नये. फार पूर्वीच्या एका साहेबांनी चहा पिता पिता तोंडी सांगितलेलं. शाईने लिहिलं असतं तर नियम दाखवावा लागला असता, म्हणून पेन्सिल. सुमित्राबाईंची खूण मी निघायच्या आठवड्यात केली होती. तुला सांगायचं राहिलं, ही चूक माझी.

पण मला फार दयाळू समजू नकोस. पेन्सिल माझ्या हातात होती, तसं रबरही. १९७९ साली एका माणसाने मला चारचौघांत चिल्लर बाबू म्हटलं होतं. त्याच वर्षी तो वारल्यावर त्याच्या बायकोच्या घरावरचं अर्धवर्तुळ मी पुसलं. मुलाची बोर्डाची परीक्षा होती. नाव लिहवत नाही. हल्ली दुपारी डोळा लागला की त्या ओट्यावर कुणीतरी ट्रंका मांडत असतं आणि मी नुसता उभा असतो.

तुझं मशीन कुणावर राग धरत नाही, हे चांगलंच. पण त्याला कुणी चहाही पाजू शकत नाही.

जिवाला जप. आमची आठवण ठेव.

तुझा,
काका


भोपाळ,
२४ जानेवारी

तीर्थरूप काकांस,
शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

रजिस्टर खिडकीशी नेऊन पान तिरकं धरलं. साडेतीनच्या उन्हात पेन्सिलीच्या चऱ्या दिसू लागल्या. मोठ्या तलावात दूरवर नावा दिसाव्यात तशा. तेवीसपैकी नऊ घरांवर होत्या.

साहेबांना लेखी दिलं, की खुणा मी पुसल्या, मशीनने नव्हे. प्रोग्राममध्ये आता एक रकाना वाढला आहे. घरी जाऊन विचारल्याशिवाय नोटीस छापली जाणार नाही. मुदत वाढवली किंवा नाकारली, तर कारण आणि सही करणाऱ्याचं नाव त्यात येईल. साहेब म्हणाले, परदेशी लोक हसतील. मी म्हटलं, मी समजावून सांगेन.

नऊही नोटिसा मागे घेतल्या. सुमित्रामावशींना जूनअखेरपर्यंत मुदत आहे. डबा परत द्यायला गेले, तर रजनी ओट्यावर फिजिक्स वाचत होती. मावशींनी मला बस म्हटलं. बसले.

मग १९७९ चं रजिस्टर काढलं. त्याला माझं रबर कधी लागलेलं नव्हतं. तरी घर क्रमांक २१४ च्या पानावर एक अर्धवर्तुळ पुसलेलं होतं.

त्या घरातल्या बाई आता इथेच, बाग सेवनिया वस्तीत मुलाकडे असतात. सोबत पाकीट पाठवते आहे. त्यावर त्यांचा पत्ता घातला आहे, तिकीट लावलं आहे. आतलं पत्र तुमचं. शाईने लिहावं.

लोभ होता तेवढाच आहे. तपासून लिहिते आहे.

आपली,
कमलिनी