कुंकू लागलेल्या पट्ट्या

आबा, तुमची पणती बॅटरीच्या आतला पडदा बनवते. तुम्हाला यातलं काही कळणार नाही, निम्मं मलाही कळत नाही, पण मी निदान विचारते. बॅटरीत म्हणे दोन बाजू असतात, एकमेकींना भिडल्या की पेटतात. म्हणून मधे कागदाहून पातळ प्लास्टिकची पट्टी घालतात. ती जास्त तापली की आक्रसते आणि मग व्हायचं ते होतं, आमच्या नवागामच्या गल्लीत बॅटरीवरची एक रिक्षा पेटली तसं. ही पोरगी कॉलेजच्या लॅबमध्ये त्या पट्टीवर दुसऱ्या कसल्याशा पॉलिमरचा थर चढवते, म्हणजे ती तापली तरी जागची हलत नाही. पॉलिमर म्हणजे काय गं, विचारलं तर म्हणाली, "आजी, तू जन्मभर बॉबिनवर गुंडाळलंस ना, ते पॉलिस्टर. त्याच घरातलं." म्हटलं, मग ओळखते मी त्या घराला. माझा बाप खाल्ला त्यानं.

तुम्ही ज्याच्या लूमवर राबलात त्या सेठच्या सुताच्या गोदामाला आग लागली तेव्हा शहाणी माणसं बाहेर पळाली आणि तुम्ही आत. सेठ रस्त्याच्या पलीकडे उभा, नाकाला रुमाल लावून. कापूस जळला की राख होते. पॉलिस्टर वितळतं आणि अंगाला धरतं. दवाखान्यात आई तुमच्या पाठीकडे बघत नाही, मी बघते. कातडी कुठली अन् सूत कुठलं, डॉक्टरलाही सांगता येत नाही. तुम्ही डोळे उघडता. मी कान तुमच्या तोंडाशी नेते, वाटतं, आता माझं नाव घेतील. तुम्ही विचारता, "माल वाचना का?" माल वाचला का, बस्स. मी तेव्हा रडले नाही, पुढेही नाही. बायका म्हणाल्या, पोरगी दगड आहे. असू दे. दगडाला काही चिकटत नाही.

तिसरीतून तुम्ही मला काढलं आणि सेठच्या लूमच्या खात्यावर, कारखान्यात, बॉबिन भरायला बसवलं. दसऱ्याला लूम बंद, धुऊनपुसून त्यांना झेंडूचे हार. वर्षभर जिला सूत भरून दिलं, त्या लूमला कुंकू लावायला मी बोट पुढे केलं आणि तुम्ही हातातला लूमचा लाकडी धोटा माझ्या मनगटावर हाणलात. "पोरीच्या हातची पूजा मशीनला सोसत नाही." पोरीच्या हातचं काम मात्र छान सोसत होतं. ते हाड अजून वर आलेलं आहे. आईच्या कपाळावर कुंकू आहे की पुसलंय, हे तुम्ही कधी बघितलं नसेल. लूमचं मात्र तुम्ही रोज बघायचात.

यंदाच्या दसऱ्याला पोरगी पट्ट्या घरी घेऊन आली. दुसऱ्या दिवशी त्या बडोद्याला तपासायला न्यायच्या होत्या. पास झाल्या तर लॅबमध्ये पुढचं काम मिळणार, नाहीतर दिवाळीनंतर मुलगा बघायचा, असं माझ्या लेकानं ठरवून टाकलेलं. मीच म्हटलं होतं, "बघ बाबा, प्लास्टिक घासून संसार होत नाही." सकाळी ती आंघोळीला गेली. मी देवापुढे कैची मांडली, शिलाई मशीन पुसलं, आणि मनात आलं, हिचं हत्यार कुठंय? बंद पाकीट फोडलं, पट्ट्या पाटावर मांडल्या, पाणी शिंपडलं, एकेकीला कुंकवाचं बोट लावलं. अक्षता टाकल्या. यंदा कोणी अडवणार नव्हतं.

ती बाहेर आली आणि किंचाळली. "आजी, आ शुं कर्युं तें?" चिडली की तोंडातून आधी गुजराती निघतं.

"पूजा केली. तुझं मशीनच ना ते?"

"याला हवेतला ओलावासुद्धा चालत नाही! सगळ्या गेल्या!" आणि माझ्या हातावर फाडकन मारलं. त्याच मनगटावर, आबा. मग म्हणाली, "मुद्दाम केलंस तू. पप्पांचं आणि तुझं ठरलेलंच आहे."

मी नाही म्हटलं नाही. कोणाची समजूत घालायची मला सवय नाही. मनगट दुखत होतं आणि मला, खोटं कशाला सांगू, बरं वाटत होतं. तुम्ही सेठच्या लूमसाठी मारलंत. हिनं स्वतःच्या कामासाठी हात उचलला.

सुट्टीभर ती लॅबमध्ये जाऊन नव्या पट्ट्या करत राहिली. माझ्याशी बोलली नाही, माझ्या हातच्या करंज्यांना शिवली नाही. दिवाळी सरली तसा लेक म्हणाला, "आई, मुलाकडची माणसं भेस्तानहून निघतायत." म्हटलं, "फोन कर. सांग, घरात सुतक आहे."

"कोणाचं?"

"माझं सांग. आणि पोरीच्या पट्ट्या तपासून होईपर्यंत मी मेलेलीच आहे."

पास झाल्या पट्ट्या. परवा तिनं भट्टीतून काढलेल्या दोन माझ्यापुढे टाकल्या. अजून नीट बोलत नाही, टाकल्याच. एक बाजारातली, जळक्या पिशवीसारखी गोळा झालेली. दुसरी हिची, सपाट. मी ती गोळा झालेली उचलून नाकाशी नेली. तोच वास. तुमच्या खाटेचा.

तुमच्या वेळी असं काही असतं तर, वगैरे मी लिहिणार नाही. असतं तरी तुम्ही आत गेलाच असता, माल सेठचा होता. हा कागद कुठे धाडायचा नाही, उद्या शेगडीत घालीन. कागद बरा, जळून सुटतो. फक्त एक. पोरीला मी काल विचारलं, जळताना माणसाच्या अंगाला धरणार नाही असं सूत होईल का गं तुझ्याच्यानं? ती म्हणाली, "बघते. पण कोणासाठी?"

म्हटलं, अशीच विचारते.