बाबांचं जर्दाळू आणि कुऱ्हाड

९ फेब्रुवारी
हिवाळा संपला. आमच्या इस्फारा गावात हे मला एकट्यालाच कळलेलं दिसतंय. शेजारचा नझरी-अका अजून जर्दाळूच्या खोडांना चुना फासतोय, बागेत बर्फाचं पाणी सोडतोय. म्हणे खोड उन्हाने तापलं की रस चढतो, झाड अवेळी जागं होतं; गार ठेवलं की निजून राहतं. म्हटलं, अका, दादा माझ्या, झाड आहे का तान्हं बाळ? आमच्या अंगणातलं जर्दाळू बाबांनी लावलंय. त्याला अक्कल आहे.
बायको सनोबर कुरकुरतेय, दोन वर्षं फळ नाही म्हणून. झाडाला धाक बसावा म्हणून इथल्या रिवाजाप्रमाणे दोन्ही वर्षी मी त्याच्यावर कुऱ्हाड उगारली, तिने आडवं येऊन ‘नका तोडू, पुढच्या वर्षी देईल’ म्हटलं. आता म्हणते, तिसऱ्यांदा जामीन राहणार नाही, खरंच तोडा. रागात बोलते झालं.

२६ फेब्रुवारी
फुललं! गल्लीत पहिलं! नझरी-अकाची झाडं अजून घोरतायत. त्याला मुद्दाम चहाला बोलावलं. फुलांकडे बघून ‘अरेरे’ म्हणाला. जळतो.

४ मार्च
रात्री फुलं गोठवणारी थंडी पडणार म्हणे. पडू दे. ओला पेंढा रचलाय, धूर करून झाड उबेत ठेवीन. प्लॅन पक्का.

५ मार्च, सकाळ
धूर झकास झाला. वारा मात्र उलटा. सगळा धूर नझरी-अकाच्या बागेत गेला. सकाळी आभार मानायला आला. त्याच्या झाडांना अजून कळीसुद्धा नाही.
आमची फुलं आतून काळी पडलीत. सनोबर म्हणाली, मेली. मी म्हटलं, पराग असेल.

१० मे
एक जर्दाळू धरलंय! सनोबरला हाताला धरून दाखवायला नेलं. एकाचा काय मुरंबा घालू, म्हणाली. सुरुवात आहे.

१२ मे
चिमण्या.

१३ मे
कुऱ्हाड घेऊन गेलो. मोठ्याने ओरडलो, फळ देत नाहीस, तोडतोच! आणि थांबलो. सनोबर खिडकीत कणीक मळत होती. मळतच राहिली. पुन्हा ओरडलो. म्हणाली, ऐकू आलं हो, तोडा की.
उगारलेला हात भरून आला. झाडाची पानं इतकी हिरवीगार. बाबा आठवले, रडू आलं. शेवटी इकडेतिकडे बघून, बायकी आवाज काढून मीच म्हटलं, ‘नका तोडू, पुढच्या वर्षी देईल.’
झाडाने ऐकलं असावं. सनोबरने नक्की ऐकलं. तिने खिडकी लावून घेतली.