मात्रेची जागा

सर, आज तुमच्यावर मनापासून चिडले आहे, आणि ऐकून घ्यायला तुम्ही आता या जगात नाहीत.

मी धान खरेदी केंद्रावर कॉम्प्युटर चालवते. कोणाचं धान कोणत्या तारखेला मोजायचं, ती एक्सेलची यादी छापून भिंतीवर लागते. रकाने हाताने ओढून ओढून वैताग आला, म्हणून रुबी या प्रोग्रामिंगच्या भाषेत छोटी स्क्रिप्ट लिहिली. रकान्यातला सगळ्यात लांब शब्द शोधायचा, त्याची अक्षरं मोजायची आणि तेवढी रुंदी आपोआप द्यायची, तुम्ही टाइपरायटरवर शिकवलंत तसंच. पण रकाने नको तेवढे फुगले आणि तारखा दुसऱ्या पानावर गेल्या. शिपायाने ते पान शेजारी चिकटवलं, तेही एक ओळ खाली. दिघोरीची एक बाई दुसऱ्याच्याच तारखेला भाड्याचा ट्रॅक्टर भरून आली. साहेबांनी तिला परत पाठवलं. माझ्या खिडकीशी येऊन ती म्हणाली, "बाई, आता हे धान कुठी नेऊ? घरी ठेवाले जागा नाही." साहेब म्हणे, यादी मशीनने केली. मशीनला शिकवलं मी, हे कोणाला सांगू?

त्यानंतर स्क्रिप्टशी नुसती झगडत होते. दर वेळी रुंदी चुकते. आणि एकदम शहापूरचा तुमचा टायपिंगचा क्लास समोर येतो. हायवेवरून ट्रक जातोय, टेबलं थरथरताहेत, मी पेन्सिलने अक्षरं मोजतेय आणि तुम्ही मागे येऊन उभे राहता. "मात्रा काहून मोजून राहिली वं? ते अक्षराच्या डोक्यावर बसते, जागा खात नाही." मग सगळ्यांसमोर रोलरमधून कागद ओढून टराटरा फाडता. बस स्टँडवर मी रडले होते. परीक्षा पास झाले तेव्हाही तुम्ही फक्त मान हलवलीत.

स्क्रिप्टही तेच करत होती, सर. मात्रा, उकार, अनुस्वार, सगळं वेगवेगळं अक्षर धरून मोजत होती. मोजणी बदलली, यादी एका पानात आली. साहेबांशी भांडून त्या बाईला नवी तारीख मिळवली. तिने स्वतःच्या नावावर बोट ठेवलं, सरळ तारखेपर्यंत नेलं आणि निघून गेली.

तुमच्या त्या फाडण्यामुळेच चूक सापडली, याचाच जास्त राग येतो. हे पत्र कुठे टाकणार, ड्रॉवरमध्येच राहील. तरी सांगते, छापलेलं पान हातात धरून मी बराच वेळ दाराकडे बघत होते. मला अजून तुमच्या तोंडून एकदा 'बरोबर आहे' ऐकायचं आहे.