ग्रुपवरची आई

४ मार्च
चि. दादूस अनेक आशीर्वाद.
मी खुशाल आहे, हे तुला माझ्याआधीच कळलं असेल. इथला फोन वृद्धाश्रमाच्या ऑफिसात आहे आणि तिथे सगळे कान टवकारून बसतात, म्हणून पत्र लिहिते.

मेट्रनबाईंनी नातेवाइकांचा ग्रुप काढलाय, त्यावर आमचं सगळं येतं. परवा माझी चादर ओली झाली, तेही आलं, फोटोसकट. त्यावर तू अंगठा दिलास म्हणे. शेजारच्या मास्तरीणबाईंना त्यांच्या सुनेकडून कळलं, आणि पत्ते खेळायला गेले तर माझ्या खुर्चीवर प्लॅस्टिक अंथरलेलं. प्रेमानेच हं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तेव्हापासून पत्ते बंद, दुपारनंतर पाणीही बंद. मेट्रनबाईंना म्हटलं, माझं काही टाकू नका, तर म्हणतात मुलाची परवानगी आहे.

लोभ असावा, फक्त तो ग्रुपवर नसावा.
तुझी आई

११ मार्च
ती. आईस शि. सा. न. वि. वि.
तू फार मनाला लावून घेतेस. या वयात कसली लाज? ग्रुपमुळे मला कामावर बसून तुझ्याकडे लक्ष ठेवता येतं. परवानगी मीच दिली, तुला विचारायचं राहून गेलं. आणि पाणी पीत जा.

माझं मूळव्याधीचं ऑपरेशन नीट झालं, उशीवर बसतो. ऑफिसात पाठदुखी सांगितलीय, कुठे बोलू नकोस.

सूनबाईचा नमस्कार. राग नसावा.
तुझा दादू

१९ मार्च
चि. दादूस अनेक आशीर्वाद.
ऑपरेशनचं वाचून जीव भांड्यात पडला. लगेच ग्रुपवर कळवलं. मी सांगत गेले, मेट्रनबाईंनी टाइप केलं. उशीचंही घातलं. सगळ्यांनी फार आपुलकीने अंगठे दिले. कुणाचा तरी जावई तुझ्याच ऑफिसात आहे म्हणे.

तुला विचारायचं राहून गेलं.

जपून बस.
तुझी आई

२७ मार्च
ती. आईस शि. सा. न. वि. वि.
सोमवारी ऑफिसात माझ्या खुर्चीवर तीन उशा होत्या. सगळ्यांनी प्रेमानेच ठेवल्या होत्या. मी दिवसभर उभा राहिलो.

आई, माझं चुकलं. परवानगी काढून घेतली, फोटो पुसायला लावले. आईबद्दल काही ठरवायचं तर आईलाच विचारा, असं मेट्रनबाईंना बजावलंय. मीही ग्रुपमधून बाहेर पडलो. त्यामुळे आज तू कशी आहेस, हे मला अजिबात माहीत नाही.

माया असू दे.
तुझा दादू

२ एप्रिल
चि. दादूस अनेक आशीर्वाद.
तुला माहीत नाही, हे वाचून फार बरं वाटलं. रविवारी ये. दार लावून घेऊ, मग मला विचार. सगळं नाही सांगणार.
तुझी आई