बंद दुकानातल्या बॅटऱ्या

१० जानेवारी

चि. चिमणीस ताईचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

टॉर्चमधले संपलेले सेल आपण खिडकीत उन्हाला ठेवायचो, आठवतं? रात्री त्याच टॉर्चवर पांघरुणाखाली वाचायचो आणि तू मध्येच उजेड स्वतःच्या पानाकडे ओढायचीस. त्या सेलमध्ये ऊन भरत नव्हतं, हे मला लग्नानंतर कळलं. तुझे भाऊजी हसून म्हणाले होते, की सेल गरम झाला की आत उरलंसुरलं असतं ते जरा चटकन बाहेर येतं, बस्स. बॅटरीवाल्याशी लग्न केल्याचा हा फायदा.

ते गेल्यापासून खालचं दुकान तू सांगितलंस तसं कुलूपबंद आहे. बाकावरचा त्यांचा चष्मासुद्धा हलवलेला नाही. माझं ऑक्सिजनचं मशीन चालतं, पण वीज गेली की वरची जुनी बॅटरी लगेच दम टाकते, माझ्यासारखीच. काळजी करू नकोस. शेवटच्या आजारपणात त्यांनी माझ्यासाठी चार बॅटऱ्यांचा नवा संच जोडून खाली ठेवलाय. तो वर आणला की मी इथेच राहू शकते. तू बोलावतेस खरी, पण या घराबाहेर मला झोप लागत नाही गं.

मुलांना पापे. लोभाची सवय झालीय, ती मोडू नये.

तुझी,
ताई


१९ जानेवारी

ती. ताईस चिमणीचा शि. सा. नमस्कार, वि. वि.

टॉर्च तूच ओढायचीस. मोठी म्हणून तुझं खरं मानलं जायचं, एवढंच.

दुकान बंद ठेवलंस ते फार बरं केलंस. भाऊजींच्या हातची मांडणी कुणी विस्कटली तर मला सोसणार नाही. संच वर आणायला त्यांच्या त्या उंच मेकॅनिक मित्राला, जिराफालाच बोलव. दुसऱ्या कुणाकडे किल्ली देऊ नकोस आणि तू जिना उतरू नकोस. संच चालला नाही, तर मात्र मुकाट्याने माझ्याकडे यायचं. कबूल? इथे वीज जात नाही. तुझी खोली तयार आहे. तुला बोटसुद्धा उचलू देणार नाही.

लोभ आहेच, त्याचं उत्तर लवकर यावं.

तुझी,
चिमणी


२ फेब्रुवारी

चि. चिमणीस अनेक आशीर्वाद, वि. वि.

जिराफ येऊन गेला. कुलूप गंजलं होतं, तेल घालून उघडलं. चारही बॅटऱ्या त्याने तपासल्या. साधा दिवासुद्धा लागला नाही. मी जिन्यावरून विचारत होते. मग वर येऊन खुर्चीच्या काठावर बसला आणि म्हणाला, की वहिनी, कुणी बिघडवल्या नाहीत, नुसत्या पडून राहिल्या.

बॅटरीत वीज भांड्यातल्या पाण्यासारखी भरलेली नसते म्हणे. आत शिशाच्या दोन तऱ्हेच्या पट्ट्या आणि ॲसिड. त्यांच्या आपसातल्या क्रियेतून वीज येते. देता देता दोन्ही पट्ट्यांवर सारखाच पांढरा क्षार चढतो आणि ॲसिड पाण्यासारखं पातळ होतं. चार्ज केलं की क्षार सुटतो, सगळं पूर्ववत. पण नुसती ठेवलेली बॅटरीही आतल्या आत संपत जाते, आणि क्षार तसाच राहिला तर दगड होतो. मग बाहेरून कितीही वीज द्या, तो सुटत नाही. म्हणून तुझे भाऊजी महिन्यातला एक रविवार खाली जाऊन सगळ्या बॅटऱ्या चार्जिंगला लावायचे. मला वाटायचं, माझ्या बडबडीला कंटाळून जातात.

किती जपलं गं आपण दोघींनी!

नव्या बॅटऱ्या मिळतील. पण त्यांच्यासाठी जिना उतरणारं या घरात कुणी उरलेलं नाही. काल वीज गेली तेव्हा खिडकीचे गज धरून श्वास मोजत होते. तुझी अट कबूल, येते.

त्याआधीची वाटणी ऐक. चार्जर आणि हत्यारं जिराफाला. चारांतली एक बॅटरी त्याने हळूहळू चार्ज करून थोडीफार शुद्धीवर आणली, ती शेजारच्या शिंपिणीच्या दिव्याला; रोज वापरायची या अटीवर. भाऊजींचं घड्याळ तुझ्या थोरल्याला. कपाटात ठेवलेलं दिसलं तर परत घेईन. चष्मा माझ्याबरोबर येईल.

आणि तुला मी. बोट उचलू देणार नाही म्हणालीस, ते चालायचं नाही. भाजी निवडायला, बटणं लावायला, निदान भांडायला तरी रोज हाक मार.

लोभ आहेच, तो वापरात असावा ही विनंती.

तुझी,
ताई